सूट वॉटरप्रूफ, बनियन ओले!

ऑक्टोबरचा शेवट. दिवाळी तोंडावर आलेली. चेन्नईच्या टी. नगरात उस्मान रोडवर पाय ठेवायला जागा नसते. रंगनाथन स्ट्रीटवर तर माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे ढकलत नेते. आणि नेमके याच दिवसांत आभाळ भरून येते. महाराष्ट्रात छत्र्या-रेनकोट वाळवून माळ्यावर गेलेले असतात, तेव्हा इथला खरा पावसाळा सुरू होतो.

पुण्या-नाशिकहून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांची पहिली फसगत इथेच होते. नोकरी श्रीपेरंबुदूर किंवा ओरगडमच्या कारखान्यात, बिऱ्हाड टी. नगरात. मधले तीस-चाळीस किलोमीटर मोटरसायकलवर. मग साहेब कोपर-गुडघ्यांना पॅड असलेला, जाड कापडाचा, 'वॉटरप्रूफ' अशी चिठ्ठी लावलेला जॅकेट-पँटचा सूट घेतात. पहिल्याच मोठ्या पावसात घरोघरी साधारण एकच संवाद ऐकू येतो.

"अहो, एवढा महागाचा सूट घेतलात आणि बनियन पिळायची वेळ आली?"

"दुकानदार तर शंभर टक्के वॉटरप्रूफ म्हणाला होता."

"मग उद्या नेऊन त्याच्या पुढ्यात टाका."

"अगं, पण पाणी शिरतंय कुठून तेच कळत नाही. कुठे साधा उसवलेलासुद्धा नाही."

गंमत अशी की यात बहुतेक वेळा कोणीच खोटे बोलत नसते. सूट खरेच पाणी अडवत असतो आणि बनियनही खरेच ओले झालेले असते. मात्र या कोड्याचा उलगडा झाला नाही की माणूस वैतागतो. दुसऱ्या दिवशी तो जॅकेट खुंटीला टांगतो आणि नुसत्या शर्टावर प्लॅस्टिकचा स्वस्त रेनकोट चढवून निघतो. खरा धोका तिथे आहे. भिजलेला रस्ता, पाण्याखाली लपलेले खड्डे, आणि अंगावर घसरण सोसणारे काहीही नाही.

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाची ही वस्ती १९२० च्या दशकात वसवली गेली, ती 'लाँग टँक' नावाच्या जुन्या लांबलचक तलावाच्या जागेवर. तलाव बुजवून घरे झाली तरी पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. चेन्नईत वर्षाकाठी साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून बराच अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये तर नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत एका महिन्यात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरचे कित्येक रस्ते पाण्याखाली होते आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळाने पुन्हा तीच गत केली. इथला पाऊस पुण्यासारखा रिमझिमत नाही, ओततो. आणि ओततानाही हवा गार होत नाही. सूटची सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

घाम की पाणी?

घरी आल्यावर कपडे बादलीत टाकण्याआधी नीट पाहा. बनियन पाठीवर, काखेत, छातीवर सगळीकडे सारखेच दमट असेल तर ते पावसाचे पाणी नव्हे, घाम आहे. ओलाव्याचा ठसठशीत डाग एका जागी असेल, म्हणजे पँटच्या जांघेत, मनगटाशी, गळ्याखाली किंवा पुढच्या चेनच्या रेषेवर, तर सूट तिथून गळतो आहे. एवढी साधी पाहणी केली तरी दुकानदाराशी होणारे निम्मे भांडण वाचेल.

घामाची गोष्ट आधी. या सूटमध्ये बाहेरचे कापड पोलिएस्टरचे किंवा नायलॉनचे असते. त्याच्या आत एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. पावसाचा थेंब त्यातून आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते, असा त्याचा गुण सांगितला जातो. बॉब गोर या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून असा सच्छिद्र पापुद्रा तयार केला. तोच पुढे 'गोअर-टेक्स' या नावाने जगभर गेला. आज अनेक कंपन्या निरनिराळ्या पदार्थांचे असे पापुद्रे करतात. गुण खोटा नाही. पण वाफ काही जादूने बाहेर जात नाही. आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कमी दमट असेल तरच ती ओढली जाते.

युरोपात पाऊस पडतो तेव्हा हवा दहा अंशांच्या आसपास गार असते. तिथे अंगाजवळची ऊबदार वाफ झपाट्याने बाहेर पडते. चेन्नईत नोव्हेंबरच्या पावसात पारा २६-२७ अंशांवर आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. बाहेरची हवाच वाफेने भरलेली. हिशेब मांडला तर वाफेला बाहेर ओढणारा जोर त्या थंड देशांच्या जेमतेम निम्मा भरतो. त्यात उस्मान रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की वाराही बंद. घाम मात्र चालूच. म्हणजे जो सूट जर्मनीत उत्तम ठरतो तोच टी. नगरात आतून भिजतो. यात सूटचा दोष नाही, हवेचा आहे. कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात नेमके हेच घडते, हे तिथल्या वाचकांच्या लक्षात आले असेलच.

सुईने पाडलेली भोके

आता खरी गळती. कापडातून पाणी क्वचितच येते. येते ते शिवणीतून.

ही तक्रार दोनशे वर्षांची जुनी आहे. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. कापड पक्के होते. शिंपी मात्र ते नेहमीच्या सुईदोऱ्याने शिवत, आणि सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाऊस आत येई. शिवाय ते रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. १८४० च्या दशकात रबर गंधकाबरोबर तापवून पक्के करण्याची युक्ती निघाली तेव्हा हा चिकटपणा आटोक्यात आला. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात १९२० मध्ये 'बेंगाल वॉटरप्रूफ' सुरू केले. त्यांचा 'डकबॅक' रेनकोट घालून शाळेत गेलेली पिढी अजून घरोघरी आहे. त्या रेनकोटात उकडायचे, पण पाणी मात्र शिरत नसे, असे ती पिढी शपथेवर सांगेल.

आजच्या सूटमध्ये शिवणीवर आतून उष्णतेने एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. विकत घेताना सूट उलटा करून ही पट्टी बोटाने चाचपावी. जांघ, काख आणि गळा या तीन ठिकाणी शिवणी एकमेकींना छेदतात. तिथे पट्टी सुटलेली किंवा तिला सुरकुती पडलेली असेल तर तो सूट परत मांडणीवर ठेवावा. जांघेला पहिला मान देण्याचे कारण आहे. मोटरसायकलवर बसले की मांड्यांमध्ये आणि टाकीच्या मागे खोलगट जागा तयार होते. पाऊस तिथे तळ्यासारखा साचतो. वर अंगाचा भार आणि सीटवरची घासाघीस. जगातले निम्मे पावसाळी सूट तिथेच हार खातात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चिठ्ठीवर ५,०००, १०,०००, २०,००० असे आकडे असतात. कापडावर पाण्याची उभी नळी धरली आणि ती भरत गेले, तर किती मिलिमीटर उंचीनंतर थेंब पलीकडे उमटतो, त्याचा हा आकडा. दुकानदार तो मोठ्या थाटात सांगतात. पण सत्तर किलोचा माणूस एक चौरस फूट जागेवर बसला तर तिथला दाब साधारण ७५० मिलिमीटर पाण्याइतका होतो. गुडघा टेकवला किंवा घडी दाबली गेली तर तो वाढतो, हे खरे. तरीही नव्या कापडाला पाच हजारांचा आकडा आपल्या शहरी वापराला पुरतो. वीस हजारांसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा शिवणीची पट्टी, चेनवरची दुहेरी पट्टी आणि मनगटाचा बंद यांकडे पाहावे. तो आकडा नव्या कापडाचा असतो, तीन वर्षे वापरलेल्या कापडाचा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

घरी परीक्षा घ्यायची तर सोपी आहे. आत फिकट रंगाचा कोरडा सुती सदरा-पायजमा घालून, वर सूट चढवून न्हाणीघरात पालथ्या बादलीवर गाडीवर बसल्यासारखे बसावे आणि घरच्यांनी दहा मिनिटे शॉवर धरावा. मुलांना हा कार्यक्रम फार आवडतो. सदऱ्यावर जिथे डाग उमटेल तिथे गळती. दहा मिनिटांत फारसा घाम येत नाही, त्यामुळे गफलत होत नाही.

पापुद्रा कुठे आहे?

सगळे सूट एका जातीचे नसतात. काहींमध्ये पापुद्रा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते, सूट जड होत नाही आणि लवकर वाळतो. हे चांगले, पण बरेच महाग. काहींमध्ये पापुद्रा मध्ये लोंबता शिवलेला असतो. पाणी अंगापर्यंत येत नाही, पण बाहेरचे कापड आणि पॅड स्पंजासारखे भिजतात. चेन्नईच्या दमट हवेत असा सूट दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलाच असतो आणि तिसऱ्या दिवसापासून कुबट वास मारू लागतो. तिसऱ्या प्रकारात पावसाळी अस्तर वेगळे असते, चेनने आत जोडायचे. पाऊस आला की रस्त्याच्या कडेला उभे राहून जॅकेट उतरवायचे, अस्तर जोडायचे, पुन्हा घालायचे. पाँडी बाजारच्या रुंद पदपथावर हा सोहळा करून पाहावा म्हणजे त्यातली सोय कळेल.

चौथा मार्ग सगळ्यांत साधा. जॅकेट-पँट जाळीदार, हवा खेळणारे आणि मजबूत घ्यायचे, त्याला पाणी अडवण्याची जबाबदारीच द्यायची नाही. पावसासाठी त्याच्यावरून घालायचा, एक माप मोठा, शिवणी पक्क्या केलेला वेगळा पावसाळी सूट डिकीत ठेवायचा. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे आणि मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या या शहराला हाच मार्ग मानवतो. घसरलो तर वाचवणारा एक आणि पाऊस अडवणारा दुसरा. दुसरा फाटला, विरला तर काही शे रुपयांत किंवा फार तर दोन-अडीच हजारांत नवा आणता येतो, पहिल्याला धक्का लागत नाही. घाम यातही येतोच. पण पाऊस थांबताच वरचा सूट उतरवून डिकीत टाकता येतो, हा फरक लहान नाही.

याचे तोटेही सांगायला हवेत. वरचा सूट सैल असला तर वाऱ्याने फुगतो. जॅकेटवरच्या चमकणाऱ्या पट्ट्या त्याच्याखाली झाकल्या जातात. म्हणून तो काळा-करडा न घेता पिवळा, नारिंगी, पोपटी असा डोळ्यांत भरणारा घ्यावा. पावसात राखाडी रस्त्यावर राखाडी माणूस बसवाल्याला दिसत नाही. पँटचा पाय बुटावरून बाहेर आला पाहिजे, बुटात खोचला तर बुटाची घागर होते. आणि सायलेन्सरच्या बाजूचा पाय जपावा. तापलेल्या नळीला नायलॉन लागले की क्षणात भोक पडते.

मागे बसणाऱ्या बाईचा विचार दुकानात कोणी करत नाही. तिच्यासाठी घरात एखादा घोंगडीसारखा सैल झूल-रेनकोट असतो. तो वाऱ्यावर उडून मागच्या चाकात किंवा साखळीत अडकू शकतो. पदर आणि ओढणी अडकू नये म्हणून गाडीच्या मागच्या चाकाला जाळी बसवणे आपल्याकडे नियमानेच आले आहे. मग तीच चूक रेनकोटाने कशाला करायची? तिलाही जॅकेट-पँटचाच पावसाळी सूट घ्यावा. साडीवर जमत नाही म्हणणाऱ्यांनी पावसाचे तीन महिने सलवार घालून निघावे आणि साडी पिशवीत न्यावी. चेन्नईतल्या कित्येक नोकरदार बायका असेच करतात.

कपाटातला शत्रू

रस्त्यावर जितके सूट खराब होतात त्याहून अधिक कपाटात होतात. पुष्कळांना याचा पत्ताच नसतो.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक पावसाळी कपड्यांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. बोलीभाषेत 'पीयू'. हा लेप हलका, मऊ, घडी करता येणारा. पण त्यातल्या अनेक प्रकारांना दमट उष्ण हवा सोसत नाही. हवेतली वाफच हळूहळू त्याची साखळी तोडत जाते. आधी आतली बाजू थोडी चिकट लागते. मग घडी उलगडताना चर्र आवाज होतो. मग आंबूस वास येऊ लागतो आणि एक दिवस पांढरे पापुद्रे कोंड्यासारखे गळू लागतात. न वापरलेला सूटसुद्धा असा जातो, किंबहुना प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेला आधी जातो. कोरड्या विदर्भात जो सहा वर्षे टिकेल तो समुद्राकाठच्या चेन्नईत किंवा रत्नागिरीत त्याच्या आधीच हात टेकतो. 'फक्त चार वेळा घातला हो!' ही तक्रार म्हणूनच खरी असते आणि व्यर्थही.

जाड पीव्हीसीचा रेनकोट या बाबतीत चिवट. त्याला वाफेची बाधा होत नाही. त्याच्यातला मऊपणा मात्र वर्षांगणिक उडून जातो आणि घडीच्या रेघेवर तो तडकतो. म्हणून तो घडी न घालता टांगावा. उकडण्याची तयारी असेल तर कमी अंतरासाठी तो वाईट नाही. उगाच नाक मुरडू नये.

टी. नगरच्या घरात एक गोष्ट मात्र सर्वांना न शिकवता येते. १९२८ पासून चालत आलेल्या 'नल्ली'सारख्या दुकानातून कांजीवरम घरी आली की ती मऊ सुती कापडात गुंडाळली जाते. काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घातली जाते, म्हणजे एकाच रेघेवर ती चिरत नाही. ओलसर हवेत कपाट उघडे राहत नाही. डांबरगोळी जरीला टेकू दिली जात नाही. मग जवळजवळ साडीच्याच किमतीचा सूट दाराआडच्या खिळ्याला ओलाच का लटकतो? त्याला साडीच्या निम्मे लाड मिळाले तरी पुरेत. पाऊस संपला की तो धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, रुंद हँगरवर मोकळा टांगावा. वर जुनी सुती चादर. महिन्यातून एकदा पंख्याखाली. घडी करणे भागच असेल तर घडीची रेघ बदलत राहावी.

गच्चीवर उन्हात वाळत घालण्याचा मोह आवरावा. चेन्नईचे ऊन नायलॉनचे बळ खाते आणि रंगही उतरवते. पंखा बरा.

धुताना काय चुकते?

सूट धुऊच नये, धुतला की वॉटरप्रूफपणा जातो, असा समज आहे. खरे उलट आहे. घामातले मीठ, त्वचेचे तेल आणि रस्त्यावरचा धूर पापुद्र्यावर बसतो तेव्हा त्याची छिद्रे बुजतात आणि शिवणीची पट्टी सुटू लागते. न धुतलेला सूट लवकर मरतो. मात्र धुण्याची रीत हवी. आधी सगळे पॅड काढावेत, चेन आणि चिकटपट्ट्या लावून घ्याव्यात, कोमट पाणी आणि सौम्य द्रव साबण. सोड्याची पावडर, ब्लीच आणि विशेषतः कपडे मऊ-सुवासिक करणारे द्रव कटाक्षाने टाळावेत. ते कापडावर एक थर सोडतात आणि पाणी त्या थराला धरून बसते. पिळू नये, ब्रशने खसाखसा घासू नये, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावे.

बाहेरच्या कापडावर आणखी एक नाजूक थर असतो. नव्या सूटवर पाणी अळूच्या पानावरच्यासारखे गोल थेंब होऊन पळते ते त्याच्यामुळे. हा थर झिजला की कापड ओले होते, आतून वाफ जाणे जवळजवळ बंद पडते आणि सूट गळतो आहे असे वाटते. पापुद्रा शाबूत असतानाही! यावर उपाय आहे. धुऊन वाळल्यावर, चिठ्ठीवर परवानगी असेल तर, वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने थर पुन्हा जागा होतो. तेवढ्याने न भागल्यास बाजारात मिळणारा पाणी झटकणारा फवारा मारावा. पूर्वी हे थर फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. ती रसायने पाण्यात आणि शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात असे दिसून आल्यावर अनेक कंपन्या त्यांपासून दूर होत आहेत. नवे थर पर्यावरणाला बरे, पण तेल आणि मळापुढे जरा दुबळे. म्हणजे नव्या सूटला फवारा अधिक वेळा लागणार.

खोचा लागला, लहानसे फाटले तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेण्याची घाई नको. तो बिचारा मनापासून दुहेरी शिवण घालील आणि मॅकिंटॉशच्या शिंप्यासारखी पन्नास नवी भोके पाडील. आधी आतून चिकटणारी पाणपट्टी लावावी. शिवण घालावीच लागली तर तिच्यावरून पट्टी किंवा शिवणीसाठीचा डिंक हवाच.

घसरण्याचा हिशेब

पाण्याच्या नादात सूटचे मूळ काम विसरले जाते. कायद्याने सक्ती फक्त हेल्मेटची आहे. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जुलै २०१५ पासून ती मागे बसणाऱ्यासकट कडकपणे लागू झाली. कपड्यांबाबत मात्र ज्याचे त्याने पाहायचे. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षक जॅकेट, पँट, हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच अभ्यासात सुमारे तीस टक्के जॅकेटांचे कापड किंवा शिवण अपघातात निकामी झाली होती, हेही नोंदले गेले. जॅकेट दिसायला दणकट असणे आणि दणकट असणे यांत असा फरक आहे.

म्हणून चिठ्ठीवर युरोपच्या 'ईएन १७०९२' या प्रमाणाची खूण शोधावी. २०२० मध्ये आलेल्या या प्रमाणात तीन 'ए' सर्वांत मजबूत, मग दोन, मग एक. खांदा-कोपर-गुडघा अशा आपटणाऱ्या भागांची चाचणी ढोबळमानाने ताशी १२०, ७० आणि ४५ किलोमीटर वेगाच्या घसरणीशी जोडली जाते. शहरातल्या माणसाला दोन 'ए' मिळाले तर उत्तम. एका 'ए'चे हलके जाळीदार जॅकेट रोज अंगात राहत असेल, तर उकाड्यामुळे घरीच टांगलेल्या तीन 'ए'पेक्षा ते शतपटीने बरे. पॅडवर 'टी प्लस' अशी खूण असेल तर तो चाळीस अंशांच्या उष्णतेतही तपासलेला आहे असे समजावे. आपल्या उन्हाळ्यासाठी ही खूण मोलाची. कारण काही फोम उष्णतेत फार मऊ पडतात आणि आघात कमी शोषतात.

एकदा जोरात घसरलेले जॅकेट वरून ठीक दिसले तरी शिवणी ताणून पाहाव्यात आणि आपटलेले पॅड बदलून टाकावेत.

आणि पाच वर्षांचा, आतून कोंडा गळणारा सूट? त्याच्यावर फवारे मारून पैसे घालवू नयेत. पॉलियुरेथेन एकदा सुटू लागले की परत चिकटत नाही. पण बाहेरचे कापड, शिवणी आणि पॅड धड असतील तर सूट फेकूनही देऊ नये. आतले पावसाळी अस्तर शिंप्याकडून कापून काढून घ्यावे. इथे त्याच्या सुईला हरकत नाही. उरलेले जॅकेट पूर्वीपेक्षा हलके आणि हवेशीर होते. वरून घालायला पिवळाधमक पावसाळी सूट आणावा, एक माप मोठा, आणि आणताना जुने जॅकेट अंगात घालूनच दुकानात जावे.